सोपानतात्यांची गैरहजेरी

परवा मोबाईलवरून रजा टाकली. कंपनीनं त्यासाठी आता अ‍ॅप दिलंय. तारखा निवडल्या, कारणाच्या चौकटीत 'घरगुती' असं लिहिलं, बटण दाबलं आणि चहाचा कप तोंडाला लावेपर्यंत 'नामंजूर' असं उत्तर आलं. चहा अजून भाजत होता. मला राग नाही आला, सोपानतात्या आठवले. तात्यांना एक रजा नाकारायला कमीत कमी वीस मिनिटं लागायची, आणि त्या वीस मिनिटांतला चहा ते पाजायचे.

आमची कंपनी बारामतीच्या एमआयडीसीत ठिबकच्या नळ्या बनवते. पाऊस उघडला की शेतकऱ्याला ठिबक आठवतं, पाऊस लागला की तो ते विसरतो. त्यामुळे दिवाळीपासून मेअखेरपर्यंत आमचा हंगाम. तेव्हा मशिनी रात्रंदिवस चालतात आणि लग्नाचा एखादा दिवस सोडला तर रजा कुणालाच नसते. मग जुलै-ऑगस्टात, जेव्हा घरी बसून भिंतीची ओल बघण्यापलीकडे माणसाला काही काम नसतं, तेव्हा कंपनी एक मशीन सोडून बाकी सगळी बंद करते आणि आम्हाला रजेवर पाठवते. ती रजा आमच्याच हक्काच्या रजेतून कापते. म्हणजे रजा आमची आणि तारीख कंपनीची. नवीन माणसाला हे कळायला एक वर्ष लागतं. मला तीन लागली.

या कारभाराच्या दारात तात्या बसायचे. टाइम ऑफिसचे हेडक्लार्क. गाव निमगाव केतकी. रोज एसटीनं ये-जा. अंगात पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक तांबडं. हजर माणसाला निळं, गैरहजर माणसाला तांबडं. संगणक आला तरी तात्यांचं मस्टर हातानंच भरलं जायचं. "मिशनला काय कळतंय, मानूस आला का न्हाय ते? मी त्याचं तोंड बघतो," असं म्हणायचे.

तात्यांनी कुणाला 'रजा मिळणार नाही' असं तोंडानं म्हटलेलं मी ऐकलं नाही. ते नावाला 'राव' लावायचे. एरवी मी 'रम्या' होतो, फार तर 'रमेश'. अर्ज घेऊन गेलो की तात्या चष्मा कपाळावर सरकवायचे, चहा मागवायचे, घरी कोण कोण हाय, म्हशी किती, बांधाचा वाद मिटला का, सगळं विचारायचे, आणि शेवटी म्हणायचे, "तर मग रमेशराव..." संपलं. एवढा मान ऐकला की उठायचं, कप विसळायचा आणि कामाला लागायचं.

आमच्याकडं एक रीतच पडून गेली होती. कामगाराच्या घरात लग्न ठरलं की आधी भटजीकडं जायचं, मग तात्यांकडं, आणि मगच पत्रिका. तात्यांच्या मागं भिंतीला मोठं कॅलेंडर होतं. त्यावर कुठल्या तारखेला कुठल्या गावाची गाडी भरायची ते लिहिलेलं असायचं. "बारा तारीख? बारा नको. बाराला सोलापूरच्या दोन गाड्या हायत. एकोनीस धरा." मग भटजी एकोणीसला मुहूर्त शोधायचे, आणि तो सापडायचा. इंदापूर-बारामतीतली कितीतरी जोडपी आज सुखानं नांदतायत ती गाडी भरायची नव्हती म्हणून.

मी मात्र शहाणा. नोकरीला जेमतेम आठ महिने झाले होते. वडिलांनी वीस मे धरली, मी तात्यांना न विचारता पत्रिका छापल्या, आणि वरचीच पत्रिका हळदकुंकू लावून त्यांच्या टेबलावर ठेवली.

तात्यांनी ती पुढून वाचली. मग उलटी केली.

"किती छापल्या?"

"पाचशे, तात्या."

"समद्यांची मागली बाजू कोरी हाय का?"

"व्हय की."

"बरं झालं. शेजारच्या पोरांना गणितं सोडवायला हुतील. वीस तारखेला तीन गाड्या हायत, रमेशराव."

माझं लग्न जुलैत झालं, कंपनीच्या सक्तीच्या रजेत. चातुर्मास लागलेला. भटजींनी पंचांग तीनदा पालथं घालून काढीव मुहूर्त काढला. मांडवाच्या कापडात पाणी साठलं होतं, ते नेमकं अंतरपाट धरल्यावर माझ्या डोक्यावर उतरलं. नवरीवर थेंबही नाही. दोनशे पानं धरली होती, जेवायला चारशे आले, कारण अख्खी कंपनी रजेवर होती आणि कुणालाच दुसरं काम नव्हतं. पंगतीला सगळ्यात पुढं तात्या. "बघ, मेमदी केलं असतंस तर एक तरी मानूस आला असता का?" बायको मात्र अजून ऐकवते, "बघायला आले तवा मामा म्हनत हुते, पोरगा पर्मनंट हाय. कुठला पर्मनंट? पावसाळी हाय."

एवढं होऊनही मी सुधारलो नाही. पुढच्याच जानेवारीत आमच्या सणसरला टेनिस बॉलच्या क्रिकेटची स्पर्धा होती. संघात मी बारावा गडी होतो. बारावा गडी म्हणजे पाण्याची कळशी. पण कळशीलाही अभिमान असतो. सकाळी तात्यांना फोन केला आणि आवाज बारीक करून सांगितलं की पाठ धरलीय, हलता येत नाही.

"आरारारा," तात्या म्हणाले. "पडून ऱ्हा. हालू नको."

दिवसभर मी पाणी वाटलं. संध्याकाळी खेळ संपवून घरी येऊन हातपाय धुतो न धुतो तोच दारात एसटीतून उतरलेले तात्या, आणि त्यांच्या मागं दार भरून एक माणूस. निमगावचा म्हादू पैलवान. तरुणपणी फडात कुस्त्या करायचा, म्हातारपणी पाठी चोळायचा.

"मुद्दाम बारामतीस्नं घिऊन आलो," तात्या म्हणाले. "तितं आला हुता कुनाच्या तरी मानंसाठी. म्हनलं, आमच्या पोराची पाठ बघ आधी."

आता खोटं बोललो म्हणून सांगावं, तर तात्या समोर. नाही सांगावं, तर पैलवान समोर. मी पालथा झोपलो. पैलवानानं करडीचं तेल ओतलं, गुडघा माझ्या कमरेवर ठेवला आणि विचारलं, "कुठं दुखतंय?" मी म्हणालो, सगळीकडं. ते त्या क्षणापासून खरं झालं. तात्या खाटेवर बसून माझ्या आईशी कांद्याच्या भावावर बोलत होते. मी ओरडलो की मध्येच म्हणायचे, "निघतीया, निघतीया. आतनं निघतीया."

त्यानंतर चार दिवस मला खरोखर उठता आलं नाही. चारही दिवसांची आजारपणाची रजा तात्यांनी स्वतःच्या हातानं लिहून मंजूर करून आणली. पहिल्या दिवसाची, पाणी वाटल्याची, तेवढी त्यांनी तांबडी ठेवली. 

हे सगळं वाचून तात्या म्हणजे कंपनीचा माणूस असं वाटेल. होतेच. हंगामात रजा नाही म्हणजे नाही, आणि तो नियम त्यांनी सगळ्यात आधी स्वतःला लावला. त्यांच्या बायकोला फेब्रुवारीत बारामतीच्या दवाखान्यात ठेवलं होतं. ऐन हंगाम. तात्या दिवसभर कामावर, संध्याकाळी दवाखान्यात. पाचव्या दिवशी दुपारी त्या गेल्या, तेव्हा तात्या पहिल्या पाळीचं मस्टर मिटवत होते. निरोप मीच आत नेला. त्यांनी तांबड्या पेनाला टोपण घातलं, निळ्याला घातलं, आणि दोन्ही पेनं टेबलावरच विसरून गेले.

मागं राहिली एकुलती लेक, अश्विनी. ती टेंभुर्णीला दिलेली. बायको गेल्यापासून तात्यांनी स्वतःची रजा साठवायला सुरुवात केली. पावसाळ्यात टाइम ऑफिस उघडंच असायचं, त्यामुळे सक्तीच्या रजेतून त्यांचं नाव वगळलेलं असे. असे करत चाळीस दिवस साठले. का साठवताय म्हणून विचारलं तर म्हणायचे, "लागतील." मग एका जूनमध्ये, निवृत्तीला बरोबर एक वर्ष उरलेलं असताना, त्यांनी एसटीच्या तिकिटामागं लिहिलेला हिशेब मला दाखवला. अशूला दिवस गेले होते. डिसेंबरचा पहिला आठवडा. सव्वा महिना.

"पयलं बाळातपन माहेरी असतंय," तात्या म्हणाले. "आन् माहेर म्हंजी आता मीच हाय."

मी हसलो. मला ती गंमत वाटली. डिंकाचे लाडू वळणारे तात्या, शेगडी पेटवणारे तात्या. तात्या हसले नाहीत. म्हणाले, "तिची आई गेली तवा मी हितं हुतो. ह्या बारीला मी तितं असनार."

त्याच जूनमध्ये मला गोडाऊनमधून टाइम ऑफिसात आणलं होतं. कारण काय, तर मला संगणक येतो. मला संगणकावर पत्ते खेळता येत होते, पण कंपनीनं जास्त चौकशी केली नाही. पुण्याहून नवीन साहेब आले होते. त्यांनी सांगितलं, यंदापासून सक्तीची रजा संगणकावरच लागेल. सहा आठवडे. रविवार सोडून छत्तीस दिवस.

तात्या शेजारच्या खुर्चीवरून म्हणाले, "रम्या, माझं नाव तेवढं वगळ बरं का."

"ते काय सांगायचं असतंय का, तात्या?" मी म्हणालो.

आणि मी 'सगळे निवडा' हे बटण दाबलं.

एक एक नाव निवडायला दुपार गेली असती. एका बटणात काम झालं. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की मी दोघांना चहा मागवला. तात्या चहा प्यायले. शेजारच्या खुर्चीवर बसून चहा पिणाऱ्या माणसाला मी कागदोपत्री सहा आठवडे घरी पाठवलं होतं, आणि त्या माणसाला ते माहीत नव्हतं, आणि मलाही नव्हतं.

मला कळलं ऑगस्टच्या मधल्या आठवड्यात, शिल्लक रजेची यादी छापताना. तात्यांच्या नावापुढं चार. तात्या रोज कामावर येत होते, तरी चाळीसातून छत्तीस गेलेले. तेव्हा सांगितलं असतं तर महिनाअखेरपर्यंत दुरुस्ती होत होती. पण नवी जागा, नवे साहेब, आणि मी संगणकाचा जाणकार. म्हटलं, गुपचूप करू दुरुस्त. रोज उघडायचो, बघायचो, बंद करायचो. कारण ते दुरुस्त कसं करतात हे मला येत नव्हतं. आणि येत नाही हे कुणाला विचारणंही मला येत नव्हतं. तसाच महिना संपला, संगणकानं ते पान कुलूपबंद केलं.

सप्टेंबरात कँटीनमध्ये बसून तात्यांना सगळं सांगितलं. ते भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. सोललेले दाणे ओळीनं मांडत राहिले. मला वाटलं, शिव्या देतील. द्याव्यात असंच वाटत होतं. शेवटी उठताना म्हणाले, "बरं, रमेशराव." मी अर्ज केला नव्हता, काही मागितलं नव्हतं, तरी 'राव' लागला. आयुष्यात एवढा मान मला पुन्हा मिळाला नाही, मिळू नये.

दिवाळीनंतर तात्यांनी रीतसर अर्ज केला. एक डिसेंबरपासून चाळीस दिवस. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. चूक माझी म्हणून मीही फाईल छातीशी धरून मागं उभा.

"साहेब, ह्यात तात्यांची चूक नाही. मी..." एवढं मी म्हणालो.

"तुमचं नंतर बघू," साहेब म्हणाले. ते वाईट नव्हते. त्यांचीही दिवाळी त्या वर्षी मुख्य कार्यालयानं खाल्ली होती. "तात्या, ती महिन्याची नोंद बंद झाली. आता पुण्यालाही उघडता येत नाही. आणि उघडली तरी काय? डिसेंबरात मी कुणालाच रजा देत नाही. हा नियम तुम्हीच मला पहिल्या दिवशी समजावून सांगितलात."

"व्हय, सांगितला."

"मग?"

"नियम बरोबर हाय साहेब. मला रजा पायजे."

"डिलिव्हरी सासरी होऊ दे की. त्यांच्याकडं बायका असतील."

"हायत. चांगल्या हायत. पर पोरगी म्हनली, आबा, मी तुमच्याकडं येऊ का? म्या व्हय म्हनलो."

"तुम्ही पुरुषमाणूस, तुम्ही तिथं करणार काय?"

तात्यांनी जरा विचार केला. "साहेब, तिची आई असती तर तिला कुनी रजा मागाया लावली नसती."

साहेब खिडकीबाहेर बघू लागले. खाली गाडी भरत होती. "चार शिल्लक आहेत ना, चार घ्या," ते हळू आवाजात म्हणाले. "त्यापुढं गेलात तर नोटीस काढावी लागेल. सात महिने राहिलेत तुमचे. कशाला शेवटी नाव खराब करून घेता? काढूनसुद्धा टाकतील वरचे."

"व्हय, टाकतील," तात्या म्हणाले. त्यांनीच अशा कितीतरी नोटिसा टाइप करून घेतल्या होत्या. काय होऊ शकतं हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

तीस नोव्हेंबरला संध्याकाळी त्यांनी डिसेंबरचं मस्टर आखलं. सगळ्यांची नावं घातली. मग स्वतःच्या नावावर आले, निळं पेन ठेवलं, तांबडं घेतलं, आणि पहिल्या घरापासून लिहायला लागले. गै. गै. गै. चार दिवस शिल्लक होते तेसुद्धा घेतले नाहीत. रविवारच्या घरात मात्र न चुकता निळी फुली. मी बघत होतो. त्यांचं अक्षर कुठंही हललं नाही. एकतीस घरं भरली, शाई फुंकून वाळवली आणि किल्ल्या माझ्यापुढं ठेवल्या.

"जानेवारीची नऊ तू भर," ते म्हणाले. "आन् तांबड्यानंच भर. दया दाखवायला जाशील आन् निळं वापरशील, तुजा भरवसा न्हाय."

दहा दिवसांनी नोटीस काढायचा हुकूम आला, आणि ती लिहायची कुणी, तर मी. तात्यांच्याच जुन्या नोटिशीवरून उतरवली. पोस्टानं नको, समक्ष देऊन पोच आणा, असं साहेब म्हणाले. इन शर्ट करून, मोटारसायकलवर, तीन वर्षांच्या इमानदार सेवकाचा चेहरा करून मी निमगाव केतकीला निघालो. सणसर ओलांडताना वाटलं, घरीच वळावं आणि पाठ धरली म्हणून सांगावं. मग म्हादू पैलवान आठवला.

तात्यांचं घर गावाबाहेर डाळिंबाच्या बागेला लागून. पुढं अंगण. अंगणात पाटावर तात्या बसलेले, पायजमा गुडघ्याच्या वर खोचलेला, पाय लांब केलेले, आणि पायांवर पालथी एवढीशी नात. आठ दिवसांची. शेजारच्या रखमाकाकू काठी धरून बाजूला उभ्या. त्यांचं वय ऐंशीच्या पुढं. त्या बसू शकत नव्हत्या, म्हणून उभ्याउभ्या तात्यांना शिकवत होत्या.

"मान धर! मान! मस्टर हाय व्हय ते, कसंबी उलटायला?"

"धरलीय की, काकू."

मला बघून तात्यांना जराही आश्चर्य वाटलं नाही. "आलास? तांब्या घे. कोमट हाय का बघ. कोपर बुडवून बघ, बोट नको."

मी कोपर बुडवलं. शर्टाची बाही भिजली.

"तात्या, मी ते..."

"ठावं हाय. वाच."

"आता?"

"माझे हात तेलाचे हायत. वाच की. वाचता वाचता वत पानी. बारीक धार."

आणि मी वाचलं. डाव्या हातात नोटीस, उजव्या हातात तांब्या. "आपण कोणतीही रजा मंजूर नसताना कामावर अनुपस्थित आहात..." "डोळ्यात नको जाऊ देऊ!" "...सदरचे आपले वर्तन शिस्तीस बाधक असून..." "मानंवर वत, मानंवर." "...आपणावर बडतर्फीपर्यंतची कारवाई का करण्यात येऊ नये..." इथं नात रडायला लागली. मीही थांबलो.

दारात अश्विनी येऊन उभी राहिली. कानाला घट्ट फडकं बांधलेलं, हातात खिरीची वाटी. तिनं सगळं ऐकलं होतं.

"आबा," ती म्हणाली, "उद्या जावा तुमी कामावर. काकू हायत. मी करते कसंबी."

"तू आत जा. वाऱ्याला हुबी राहू नको."

"न्हाय पर, काढून टाकलं तर?"

"काढून टाकलं तर मोकळा," तात्या म्हणाले. "मग तुज्या दुसऱ्या बाळातपनाला कुनाला इचारायचंच न्हाय." आणि लेक हसली नाही असं बघून आवाज खाली आणून म्हणाले, "अशे, येकदा हजर राहिलो आन् चुकलं. आत जा."

नातीला कोरडी करून, फडक्यात गुंडाळून त्यांनी छातीशी घेतलं आणि मग नोटीस मागितली. एका हातानं धरून, लांब करून वाचली. "पोच घ्यायला दोन साक्षीदार लागत्यात. आनलेस का?"

नव्हते आणले. मला आठवलंच नव्हतं.

"काय शिकलास माझ्याकडं? अशे, हितं सही कर. काकू, तुमी अंगठा द्या."

"कसला कागद हाय?" काकूंनी विचारलं.

"मला नोकरीवरनं काढायचा."

"मग म्या न्हाय देत," काकू म्हणाल्या आणि अंगठा मुठीत धरून उभ्या राहिल्या. त्यांना समजावण्यात पाव तास गेला. तात्या कंपनीच्या बाजूनं बोलत होते, काकू तात्यांच्या बाजूनं, आणि मी ओल्या बाहीनं मध्ये.

मग तात्या म्हणाले, "उत्तर आत्ताच घिऊन जा. दुसरी चक्कर नको. ल्ही."

मी मांडीवर फाईल ठेवून लिहायला बसलो. तात्या अंगणात येरझाऱ्या घालत, नातीच्या पाठीवर थोपटत सांगत होते, तेही आवाज न चढवता, कंपनीच्या भाषेत. "मी गैरहजर आहे हे खरे आहे. रजा मागितली होती, ती नाकारली, ते नियमाला धरून आहे. तरी मी गैरहजर राहिलो. घरी मुलीचे बाळंतपण आहे आणि करणारे दुसरे कोणी नाही." तिथं थांबले. अशा उत्तराचं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं. त्यांनीच शेकडो कामगारांना ते लिहायला लावलं होतं. मी लिहू की नको अशा पेचात पेन धरून बसलो.

"ल्ही की," तात्या म्हणाले. "पुन्हा असे होणार नाही. खरंच न्हाय हुनार. लेक येकच हाय, आन् पयलं बाळातपन येकदाच असतंय."

आता पुढचं सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. तात्या एक्केचाळिसाव्या दिवशी कामावर हजर झाले. चाळीस दिवसांचा पगार गेला. चौकशी झाली, साहेबांनी ते उत्तर दोनदा वाचलं आणि शिक्षा दिली, येत्या जुलैची पगारवाढ रोखण्यात येत आहे. तात्या जूनअखेर निवृत्त होणार हे साहेबांच्या लक्षात नव्हतं, की चांगलं लक्षात होतं, हे मला आजवर कळलेलं नाही. शिक्षेचं ते पत्र मीच लिहिलं, आणि त्यात एकही चूक काढता आली नाही म्हणून तात्या नाराज झाले. तात्यांच्या त्या छत्तीस दिवसांबद्दल मला कुणी काहीही शिक्षा केली नाही. ती करायची असते हे कंपनीच्या कुठल्याच नियमात नाही.

पण मला तात्या दिसतात ते निवृत्तीच्या हारातले नाहीत. त्या दिवशीचेच दिसतात. उत्तर खिशात घालून मी निघालो. नात नुकतीच झोपली होती. मी गाडीवर बसलो, किकवर पाय ठेवला, तोच तात्यांनी दारातून हात वर केला. चालू करू नको. मी उतरलो आणि गाडी ढकलत अंगणाबाहेर नेली. पुन्हा पाय ठेवला. मागं बघितलं. तात्या नातीला खांद्यावर टाकून उंबऱ्यात उभे, पायजमा अजून गुडघ्यावरच, आणि मोकळ्या हातानं खुणावत होते, अजून पुढं. मी बांध ओलांडला. अजून पुढं. डाळिंबाच्या बागेचं कुंपण संपलं, घाम फुटला, इन सुटला, रस्त्यावरून एक टेम्पोवाला पेट्रोल संपलं का म्हणून विचारून गेला. वळणावर शेवटचं वळून पाहिलं. एवढेसे दिसत होते, पण हात तसाच हलत होता, अजून पुढं, अजून पुढं.

मी ढकलत राहिलो.